मोकळ्या जागेचा मान

३ मार्च, सोमवार

आळेफाट्यावर बाळासाहेबकाकांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी बसू लागले, त्याला आज महिना झाला. माझे काम शुद्धलेखन तपासण्याचे. दहावीला मराठी माध्यमातून तालुक्यात पहिली आलेली पुतणी घरात असताना आपल्या बोर्डावर ‘हार्दीक शुभेच्छा’ छापले जाते, हे काकांच्या मनाला लागले होते. मला मात्र येथे बसणे रुचलेले नाही. गिऱ्हाईक आले की मी बुजते. मी मान खाली घालून प्रूफ वाचते आणि चुकांभोवती पेन्सिलीने गोल काढते. बोलण्याचे काम आदेश करतो.

आदेश हा दुकानाचा ऑपरेटर, आळ्याचाच. संगणकावर त्याचा हात विलक्षण वेगाने चालतो, पण कोठे चार बोटे जागा रिकामी दिसली की त्याला चैन पडत नाही. तेथे तो किरणे, कमळे, चांदण्या, काही ना काही भरतो. आज एका वाढदिवसाच्या बोर्डावर मध्ये एक मोठा चेहरा, वर नेते, खाली शुभेच्छुक, अशी इतकी डोकी झाली की मजकुराला बोटभर पट्टी उरली. मी धीर करून म्हटले, “यात वाचायचे काय?”

“वाचतंय कोण, मॅडम?” तो म्हणाला. “ज्यो त्यो आपला फोटो हुडकतो आन पुढं जातो.”

काका मात्र या फोटोंबाबत अतिशय गंभीर असतात. कोणाचा चेहरा केवढा, कोणाच्या वर, कोणाच्या उजव्या हाताला, हे ते फूटपट्टीने मोजतात. एका बोटाच्या फरकावरून आमच्याकडे दोन भावकींनी वर्षभर अबोला धरलेला आहे.

९ मार्च, रविवार

रविवारी मी चांगदेव सरांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाते. सर आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त चित्रकलाशिक्षक. माझे वडील आणि काका दोघेही त्यांच्या हाताखाली शिकले. आता त्यांना मोठी अक्षरे तेवढी दिसतात. आज मथळे संपल्यावर ते म्हणाले, “तू बोर्डाच्या धंद्यात गेलीस म्हणे. मग तुला एक दाखवायला हवं.”

त्यांनी ट्रंकेतून सात जाड, जवळजवळ चौरस अंक काढले. स्वित्झर्लंडमध्ये साठ-पासष्ट वर्षांपूर्वी निघणारे ते त्रैमासिक. विषय एकच: छापील कागद कसा मांडावा. नाव जर्मन आहे आणि मला ते धड उच्चारता येत नाही, म्हणून येथे लिहिण्याचे धाडस करत नाही. तरुणपणी सर मुंबईत एका जाहिरात कंपनीत होते. तेथे हे अंक बोटीने येत, आणि साहेबांचे पाहून झाले की सर मागून घेत. पुढे त्यांचे वडील वारले, सर गावी परतले आणि अंकही बरोबर आले.

मजकूर तीन भाषांत आहे. दोन मला येत नाहीत आणि तिसरी शब्दकोश घेऊन येते. तेव्हा मी चित्रेच पाहिली. प्रत्येक पानावर न दिसणारी एक जाळी आहे. शेतात वाफे पाडावेत तशी, आणि मजकूर, छायाचित्र, आकडा, सारे आपापल्या वाफ्यात. ओळी डावीकडे एका रेषेत सुरू होतात आणि उजवीकडे जेथे संपतील तेथे संपतात. एका भित्तिपत्रकावर तर डाव्या कोपऱ्यात चार ओळी होत्या आणि उरलेला सगळा कागद कोरा.

“सर, येथे छापायचे राहून गेले आहे का?”

“अगं, तेच तर छापलंय,” सर म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले. मला त्यांचे म्हणणे समजले नाही, पण अंक मी घरी घेऊन आले.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. गावात पुरणपोळीचा वास आणि मी अंकांत. पाचव्या अंकात एका रुग्णालयाचे फोटो आहेत: प्रत्येक दाराच्या डाव्या कडेला, चौकटीला चिकटून, पुरुषभर उंचीचा काळा आकडा. ते पान मी कोठेतरी पाहिले आहे असे सारखे वाटत होते, आणि मग एकदम आठवले. आमच्या शाळेतील वर्गखोल्यांचे आकडे, नक्की सरांनीच रंगवलेले. पाचवीपासून मी त्या भल्यामोठ्या काळ्या ‘३’च्या शेजारून आत जात होते, ‘७’च्या शेजारून बाहेर येत होते. तालुक्यातील इतर शाळांत वर्गांवर छोट्या निळ्या पाट्या असतात आणि नवी मुले आपला वर्ग शोधत फिरतात. आमच्याकडे कधी कोणी हरवले नाही.

म्हणजे हे त्रैमासिक मी रविवारी प्रथम पाहिले, हे खरे नव्हे. ते मला लहानपणीच वाचता येत होते. घरी रत्नाआत्याला हे सांगितले तर ती म्हणाली, “मंग आता पोळी खा.”

१९ मार्च, बुधवार

आमच्या गावच्या सरपंच नूतनताई दुकानात आल्या होत्या. बरोबर त्यांचे यजमान सुनीलभाऊ. सरपंचपद ताईंचे, पण खुर्चीत प्रथम भाऊ बसतात आणि बोलतातही तेच.

काम असे आहे. एप्रिलमध्ये आमची खंडोबाची यात्रा. बैलगाड्यांची शर्यत हा तिचा प्राण. चार तालुक्यांतून गाडे येतात आणि घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, दोन्ही अंगांना पाय ठेवायला जागा नसते. गतवर्षी गाड्यांचे टेम्पो, मोटारी आणि पाळणेवाले एकाच रस्त्यात अडकले. एका बाईला चक्कर आली, तर रुग्णवाहिका आत येईना. तिला खाटेवर घालून बाहेर न्यावे लागले. यंदा परवानगी देताना प्रांतसाहेबांनी अट घातली आहे: राजुरीकडचा आणि निमगाव साव्याकडचा, दोन्ही रस्ते शर्यतीच्या दिवशी मोकळे राहिले पाहिजेत. दिशादर्शक पाट्या ठळक हव्यात. रस्ता तुंबला तर शर्यत जागच्या जागी बंद.

“तवा बाळासाहेब, बोर्ड असं करा का आंधळ्याला बी दिसलं पायजे,” सुनीलभाऊ म्हणाले.

नूतनताई माझ्याकडे पाहत होत्या. “तू त्या चांगदेव सरांची पुस्तकं वाचतीस ना?” त्यांनी विचारले. गावात काहीही लपत नाही. “तूच कर हे.”

मी ‘हो’ म्हटले. निदान मान तरी हलवली.

२६ मार्च, बुधवार

सात दिवस जाळी आखते आहे. प्रत्येक पाटीवर एक बाण, एक शब्द, अधिक काही नाही. ‘घाट’. ‘गाडे’. ‘वाहनतळ’. ‘दवाखाना’. मला भीती होती की हे रोमन अक्षरांचे शास्त्र आपल्या वेलांट्या-उकारांना सोसणार नाही. परंतु आपली अक्षरे तर शिरोरेषेला टांगलेलीच असतात. जी रेषा त्या लोकांनी कष्टाने कल्पिली, ती आमच्या पहिलीच्या पाटीवर गुरुजी आधी ओढून देत. शिरोरेषा बाणाच्या दांड्याच्या रेषेत आणली आणि शब्द व बाण एका दमात वाचता येऊ लागले. हे मला कोणी शिकवले नाही. आज स्वतःचे फार कौतुक वाटले. लिहून ठेवते, कारण उद्या ते टिकेल असे नाही.

रंगाने मात्र घोळ घातला. अंकांतील लाल घेतला, तर काका म्हणाले, “तो त्या गटाचा.” निळा, तर आणखी कोणाचा. हिरवा तर नकोच. संध्याकाळपर्यंत लक्षात आले, की आमच्या पंचक्रोशीत एकही रंग बिनमालकाचा नाही. मी काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे ठेवली, तर काका दचकले: “जत्रेला काळं? लोक जोडं मारतील.”

घरी येऊन रत्नाआत्याला सांगितले. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, आमच्याच घरी असते, आणि तिला कोणत्याही गोष्टीचे दडपण येत नाही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “खंडोबाचं घोंगडं कोन्त्या रंगाचं असतं गं? काळंच ना? आन त्यावर भंडारा पडला का कसं दिसतं?”

उद्या काकांना एवढेच वाक्य सांगणार आहे.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

काकांनी एक नमुन्याची पाटी छापून आज देवळासमोर उभी केली. काळ्यावर पिवळे, डावीकडे बाण आणि ‘घाट’, उजवीकडचा मोठा भाग रिकामा. लांबून, अगदी पाण्याच्या टाकीपासून, ती स्वच्छ वाचता येत होती. मी टाकीपाशी उभी राहून स्वतः पाहिले.

रंगाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. उलट म्हातारी माणसे भंडारा म्हणून पाटीला हात लावून गेली. गोंधळ निघाला तो भलत्याच ठिकाणी. गर्दीतून एक जण म्हणाला, “हितं कुणाचा फोटो व्हता?”

“कुठं?”

“हे काय, उजवीकडं. मोकळं केलंय न्हवं.”

गेल्या वर्षीच्या बोर्डावर नेमक्या त्या जागी गेणभाऊंचा फोटो होता. गेणभाऊ अनेक वर्षे यात्रा समितीचे अध्यक्ष होते, यंदा पायउतार झाले. तासाभरात गावभर झाले, की पाट्या करून घेणाऱ्या सुनीलभाऊंनी गेणभाऊंना पाटीवरून पुसले. गेणभाऊ स्वतः आले. ते पाटीसमोर उभे राहिले, रिकाम्या जागेकडे पाहिले, फेटा सारखा केला आणि घरी गेले. ते गेले तेव्हा मला फार अपराधी वाटले. मी त्यांना वगळले नव्हते. मी कोणालाच घेतले नव्हते. पण हे दोन निरनिराळे आहे, हे आमच्या गावात कोणत्या शब्दांत सांगावे?

४ एप्रिल, शुक्रवार

देवळात समितीची बैठक. नूतनताईंनी मला मुद्दाम बोलावले होते, की रिकाम्या जागेचे कारण मीच समजावून सांगावे. मी चार वाक्ये पाठ करून गेले होते. उभी राहिले. सगळे वळून पाहू लागले. पहिले वाक्य ‘दृष्टीला विसावा’ या शब्दांपर्यंत गेले आणि तेथेच थांबले.

“बस पोरी, बस,” कोणीतरी प्रेमाने म्हणाले. ते प्रेमच अधिक लागले.

मग तोड निघाली. मोकळ्या जागेत सुनीलभाऊ आणि गेणभाऊ, दोघांचे फोटो, अगदी एका मापाचे. त्यावर आत्या बायकांतून उठून म्हणाली, “आवो, बाणाकडं बघायचं का तुमच्या तोंडाकडं?” हशा झाला. पण ठरले ते ठरले. फक्त नूतनताईंनी एवढे करून घेतले, की फोटो राजुरीच्या रस्त्यावरच्या पाट्यांवर. निमगाव साव्याच्या रस्त्याने गर्दी कमी असते, तेथे फोटो पाहणार कोण, म्हणून त्या पाट्या तशाच राहू द्याव्या. सुनीलभाऊंना ते पटले.

माझे अर्धे काम राहिले, अर्धे गेले. घरी येऊन रडले. का, ते नीट सांगता येत नाही. ज्या माणसांनी ते अंक काढले ती माझ्या जन्माआधीच म्हातारी झाली असतील, आणि मी जणू त्यांचीच वस्तू मोडली होती.

५ एप्रिल, शनिवार

आदेशने राजुरीच्या पाट्यांवर फोटो बसवले. मी पाहिले नाही. नंतर तो म्हणाला, “बाण हलवला न्हाई म्या. जाळी तुमचीच ठेवली. फोटो बाजूला बसवलेत, कापता येत्याल असे.” कोण कशाला कापेल, हे मला कळले नाही. त्याने अलीकडे बोर्डांवर चांदण्या टाकणे सोडले आहे. बहुधा काकांनी समज दिली असावी.

२० एप्रिल, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

पहाटेच आदेशच्या गाडीवरून निमगाव साव्याच्या रस्त्याने पाट्यांच्या गाठी तपासत गेलो. उजाडताच बैल घेऊन टेम्पो येऊ लागले. पहिला टेम्पो वळणावर आला, चालकाने पाटीकडे एकदा पाहिले आणि न थांबता ‘गाडे’ लिहिलेल्या बाजूला वळला. मागचा वळला. मोटारी आल्या, त्या ‘वाहनतळ’कडे गेल्या. कोणी काच खाली केली नाही, कोणी हाक मारून विचारले नाही. तासभर मी तेथे उभी होते आणि तेथे काहीही घडले नाही. काहीही न घडण्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

मग काकांचा फोन. “वृषा, राजुरीच्या रस्त्याला ये. लई वाईट झालंय.”

राजुरीच्या बाजूला मोटारींची रांग ओढ्यापलीकडे गेलेली. टेम्पोंत बैल बिथरलेले, गाडामालक शिव्या देत होते. बंदोबस्ताच्या साहेबांनी घड्याळ दाखवून सांगितले होते, की अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला नाही तर एकही बारी, म्हणजे शर्यतीची फेरी, सुटणार नाही. आलेले सगळे गाडे परत. घाटाकडून ताशांचा आवाज येत होता आणि येथे सुनीलभाऊ घामाघूम होऊन प्रत्येक मोटारीच्या काचेवर थापा मारत होते.

“पाटी लावलीये ना राव डोळ्यांपुढं! वळा की!”

मी एका चालकाला विचारले, कारण तो म्हातारा होता आणि मला त्याची भीती वाटली नाही: “काका, वाहनतळाची पाटी दिसली नाही का?”

“पाटी? कुठाय?”

मी बोट दाखवले.

“त्यो व्हय,” तो म्हणाला. “त्यो वाढदिवसाचा बोर्ड हाये न्हवं.”

मागच्या मोटारीतल्याने डोके बाहेर काढले. “कुणाचा वाढदिवस हाये ओ? दोघं जुळं हायेत का?”

मी पाटीकडे नव्याने पाहिले. काळा रंग होता, बाण होता, शब्द होता. परंतु दोन चेहरे आले आणि आमच्या भागातील माणसाच्या डोळ्याने ती वस्तू ओळखून बाजूला ठेवली. वाचण्याआधीच. रोज फाट्यावर अशा शंभर वस्तूंखालून तो जातो. दोष चालकांचा नव्हता.

हे सुनीलभाऊंना सांगावे लागणार होते. आजूबाजूला अर्धे गाव. मी त्यांच्यापाशी गेले आणि म्हटले, “सुनीलभाऊ, आपले छायाचित्र काढावे लागेल.”

घाबरले की मी पुस्तकी बोलते. त्यांना वाटले, मोबाइलवर फोटो काढायचा आहे. “आत्ता? फोटो?” ते ओरडले.

“पाटीवरचे. लोक त्याला वाढदिवसाचा बोर्ड समजत आहेत. चेहरा दिसला की ते बाण पाहत नाहीत. त्या रस्त्याला चेहरे नाहीत, तेथे एकही गाडी अडकलेली नाही. तुम्ही स्वतः जाऊन पाहा.” सहा वाक्ये. त्या दिवशी देवळात जी चार निघाली नव्हती, ती येथे कर्ण्यांच्या गोंगाटात सहा निघाली.

सुनीलभाऊंनी पाटीकडे मान वळवली. तेवढ्यात नूतनताई पदर खोचून गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी सर्व ऐकले होते. “काढा,” त्या म्हणाल्या. “घरात हायेत तेवढे पुरे झाले.”

गर्दी हसली. सुनीलभाऊही, थोडे उशिरा, हसले. त्यांनी एका कडबेवाल्याचा विळा घेतला, त्याच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि स्वतःच्या चेहऱ्याच्या कडेला पाते लावले. आणि थांबले.

“आधी माझा कसा काढू?” ते म्हणाले. “गेणभाऊ वडीलधारे. आधी त्यांचा मान.”

मी घड्याळाकडे पाहिले. रस्ता तुंबलेला, साहेब उभे, आणि हे मान मोजत होते. कोणीतरी धावत जाऊन गेणभाऊंना घेऊन आले. त्यांना हकीकत सांगितली. त्यांनी एकदा मोटारींची रांग पाहिली, एकदा टेम्पोतले बैल, एकदा ट्रॉलीवरचे सुनीलभाऊ.

“विळा दे इकडं,” ते म्हणाले. “माझा म्या काढतो. तुझा तू काढ मागनं, बाकीच्या पाट्यांवर बी.”

पंच्याहत्तरीचे गेणभाऊ फेटा सावरत ट्रॉलीवर चढले आणि त्यांनी स्वतःचा चेहरा पाटीवरून सरळ रेषेत कापून काढला, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला. मग सुनीलभाऊंनी आपला कापला. फ्लेक्सला तेथे एक चौकोनी खिडकी पडली आणि तिच्यातून मागचा कांद्याचा वाफा आणि आभाळ दिसू लागले. आदेशने फोटो कडेला घेतले होते, त्यामुळे बाणाला धक्का लागला नाही.

पहिली मोटार वळली. मागची तिच्यामागे. पुढच्या पाट्यांवरही तोच क्रम: आधी गेणभाऊ, मग सुनीलभाऊ. शेवटच्या पाटीपर्यंत लोक टाळ्या वाजवू लागले होते. साहेबांनी घड्याळ पाहिले, रस्ता पाहिला आणि घाटाकडे हात केला. कर्ण्यावरून पहिल्या बारीची पुकार झाली.

शर्यतीत कोणाचा गाडा पहिला आला, हे मला माहीत नाही. मी राजुरीच्या वळणावरच बसून होते. दुपारी एक रुग्णवाहिका आली. उन्हाने भोवळ आलेल्या एका माणसाला घेण्यासाठी. ती ‘दवाखाना’च्या बाणावरून आत गेली आणि चहा निवायच्या आत बाहेर पडली. तिच्या चालकाने पाटीकडे पाहिलेसुद्धा नाही, म्हणजे पाहिले, पण त्याला ते कळले नाही. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून एकटीच हसत होते. आदेश म्हणाला, “वृषाली, चहा गार झाला.” मला नेहमी मॅडम म्हणतो. गोंधळात विसरला असेल.

२१ एप्रिल, सोमवार

चांगदेव सरांना आदेशच्या मागे बसवून राजुरीच्या वळणावर आणले. त्यांनी खिडकी पडलेल्या पाटीला हात लावला, त्या खिडकीतून हात पलीकडे काढला.

“एवढं मोकळं सोडायचं धाडस त्या लोकांनाही झालं नव्हतं,” ते म्हणाले.

परतताना आम्ही शाळेवरून आलो. मी त्यांना वर्गांच्या आकड्यांविषयी विचारले. ते म्हणाले, मुख्याध्यापकांनी तेव्हा त्यांना भिंती खराब केल्याबद्दल लेखी जाब विचारला होता. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, ते अंक मी उगाचच बोजा करून आणले.” आज मला कोणी विचारले असते, तू कोण, तर मी न अडखळता सांगितले असते, की मी चांगदेव सरांची विद्यार्थिनी, जरी त्यांच्या वर्गात मी एक दिवसही बसलेले नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

नूतनताई एकट्याच आल्या आणि खुर्चीत त्याच बसल्या. गावच्या कायमच्या पाट्या करायच्या आहेत: दवाखाना, अंगणवाडी, पाणवठा, स्मशानभूमी. “सौजन्य कुणाचं लिहायचं?” काकांनी सवयीने विचारले. “गावाचं हाये, गावाला ठावं हाये,” ताई म्हणाल्या. गावासाठी मी जाळी आखते आहे, हे वाक्य लिहून पाहिले. चांगले दिसते.

१४ मे, बुधवार

गेल्या आठवड्यात सुनीलभाऊ स्वतःच्या वाढदिवसाचा बोर्ड सांगायला आले. काका फोटोंचे फोल्डर उघडू लागले, तर त्यांनी हात आडवा केला.

“फोटो न्हाई टाकायचा. काळं करा सगळं. डावीकडं खाली बारीक अक्षरात माझं नाव. बाकी मोकळं.”

“आवो, पण लोकांना कळंल का कुणाचा हाये?” काका म्हणाले.

“तेच तर. गाडी थांबवून वाचत्याल.” मग ते खाली वाकून म्हणाले, “बाळासाहेब, येवढी जागा मोकळी सोडायला ऐपत लागती.”

स्वित्झर्लंडच्या संपादकांना हे कितपत मानवले असते, याविषयी मला शंका आहे. त्यांनी अहंकार काढण्यासाठी जागा रिकामी केली. आमच्याकडे तो त्या रिकाम्या जागेत जाऊन बसला. तरीही बोर्ड आदेश आणि मी मिळून केला, आणि खरे सांगायचे तर तो फाट्यावरचा सर्वांत देखणा बोर्ड आहे. आज सकाळी तीन मोटारसायकली त्याखाली थांबून वर पाहत होत्या.

१७ मे, शनिवार

दुपारी गेणभाऊ दुकानात आले. फेटा, काठी, कडक इस्त्रीची बंडी. काकांशी बोलले नाहीत, आदेशकडे पाहिले नाही, सरळ माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या नातवाच्या लग्नाचा बोर्ड करायचा आहे.

“सुनीलचा पाहिला,” ते म्हणाले. “चांगला केलास. आता माझा कर. आन पोरी, त्याच्यापेक्षा बोटभर जास्ती मोकळा ठेव.”

मी फूटपट्टी घेतली. गेणभाऊ वयाने मोठे. मी त्यांना दोन बोटे दिली.